शेवरीच्या कानाला चालेल असं पिस्तूल

"काटा थांबल्याबिगर तोंड उघडू न्हाई."

हे ईश्वरप्पांचं वाक्य. अहमदपूरच्या मोंढ्यात ते एकतीस वर्षं मापाडी होते. ज्वारीचं पोतं काट्यावर चढलं की इकडून शेतकरी घाई करायचा, तिकडून आडत्या. अप्पा दोघांकडंही बघायचे नाहीत. काटा डुलायचा, मंदावायचा, थरथरायचा, थांबायचा. मग अप्पा आकडा सांगायचे. पहिल्या पोत्याला मापाडी 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. अप्पांनी 'लाभ' म्हटल्यावर त्या मालावरून वाद झालेला मी कधी पाहिला नाही, आणि मी त्यांच्या काट्यावर एकोणीस वर्षं पोती चढवली आहेत.

मोंढ्याबाहेरही तेच. "अप्पा, पोरीला स्थळ आलंय, कसं वाटतं?" काटा थांबू दे. "अप्पा, लातूरचा जिल्हा व्हनार म्हनं?" काटा थांबू द्या. ब्याऐंशी साली जिल्हा झाला. तहसीलच्या पाटीवरचं उस्मानाबाद खरवडून रंगाऱ्यानं लातूर लिहिलं. रंग वाळेपर्यंत अप्पा पाटीखाली उभे राहिले आणि मग म्हणाले, "आता झाला."

त्यांच्या हाताला वजन कळायचं. भरलेला तांब्या उचलला की सांगायचे, "आठशे वीस." बारशाला गेले की बायका बाळ आधी त्यांच्या हातावर द्यायच्या. "पावणेतीन किलो," अप्पा म्हणायचे, आणि दवाखान्याच्या काट्यावर तेवढंच भरायचं.

चौऱ्याऐंशीच्या दिवाळीआधी त्यांची बायको रत्नम्मा गेली. काविळीनं, अकरा दिवसांत. लिंगायतांत मेलेल्या माणसाला जाळत नाहीत. खड्ड्यात मांडी घालून बसवतात आणि त्याच्या गळ्यातलं लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात. ते अप्पांनीच ठेवलं. तिची बोटं एकेक करून त्यावर मिटवली. मग माती लोटली. अप्पा रडले नाहीत. घरी येऊन त्यांनी अंघोळ केली आणि भिंतीला टेकून बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पूजेला बसले. रोजच्यासारखं आपलं लिंग डाव्या तळहातावर घेतलं आणि त्यावर नजर लावली. त्याचं वजन लागेना. हे त्यांनी मला चार महिन्यांनी सांगितलं, दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं. "हणमंता, हातावर काय हाय का न्हाई, ते डोळ्यानं बघावं लागतं."

मला तोवर कळलंच होतं. ताटात भाकरी वाढली तर खायचे, नाही वाढली तर ताटापुढं तसेच बसून राहायचे. चहात साखर विसरली तरी पिऊन टाकायचे.

त्या वर्षी पाऊसही गेला. खरीप करपला, रब्बी कुणी पेरलीच नाही. मोंढ्यात चिमण्यांना दाणा उरला नव्हता. आडत्यांनी काटे साखळीनं बांधून ठेवले. आम्ही हमाल रोजगार हमीवर खडी फोडायला गेलो. अप्पा मात्र रोज दहाला मोंढ्यात यायचे, बांधलेल्या काट्याजवळ बसायचे आणि पाचला घरी जायचे. त्यांना कुणी काही विचारत नव्हतं.

शिवरात्रीला मी त्यांना ओढूनच लातूरला सिद्धेश्वराच्या यात्रेला नेलं. तिथं फुगे फोडायचा ठेला होता. बंदुकांच्या शेजारी एक छर्ऱ्याचं पिस्तूलही पडलेलं होतं. अप्पांनी ते उचललं. का उचललं, मी विचारलं नाही.

"बाबा, दिसतं का नीट?" ठेलेवाला हसला. "सूनबाईला बोलवू का धरायला?"

अप्पांनी हात लांब केला. काट्याची वाट बघत उभे राहायचे तसे उभे राहिले. फुगा फुटला. असे सहा फुगे फुटले. सातव्याला ठेलेवाल्यानं हसणं बंद केलं.

अप्पांनी पिस्तूल खाली ठेवलं आणि म्हणाले, "किलोला सत्तर ग्रॅम कमी."

मी त्यांच्याकडं बघत राहिलो. चार महिन्यांत त्यांनी कशाचं वजन सांगितलं नव्हतं.

परतीच्या एसटीत चाकूर गेल्यावर ते म्हणाले, "हणमंता, असलं एक पायजे. घरी."

गावात ही गोष्ट दोन दिवसांत सगळ्यांना कळली. "अप्पा, तुमी मुंगीला वाट देनारं मानूस. आता कुनाचा मुडदा पाडनार?"

"कागदाचा," अप्पा म्हणायचे.

खरी अडचण गावाची नव्हती, शेजारच्या विठाबाईची होती. अप्पांचं परस आणि विठाबाईचा गोठा यांच्यात छातीएवढी मातीची भिंत. गोठ्यात एकच गाय, देवणी जातीची, अंगावर काळे शिंतोडे. असल्या रंगाला आमच्याकडं शेवरा म्हणतात, म्हणून तिचं नाव शेवरी. बाकीची जनावरं विठाबाईनं छावणीला धाडली होती. शेवरीला मात्र ठेवून घेतलं होतं. कारण विठाबाईची लेक चतुराबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिला ताप भरला आणि आठ दिवसांत तिचं दूध आटलं. गावात विकत दूध नव्हतं. महिन्याची नात शेवरीच्या दुधावर जगत होती.

शेवरी भित्री होती. कुठं भांडं पडलं तरी पान्हा चोरायची. वासरू ढुशा देऊन थकायचं, विठाबाई कास चोळून थकायची, गाय दूध वरच धरायची. मग पोर रात्रभर रडायचं आणि चतुरा त्याच्याकडं न बघता तुळईकडं बघत पडून राहायची.

विठाबाई भिंतीवरून म्हणाली, "अप्पा, तुमी पिस्तूल आना, तोफ आना, मी काय बोलत न्हाई. पन माज्या गाईनं पान्हा चोरला तर हे लेकरू तुमच्या वट्ट्यावर आनून ठेवीन. मग तुमीच पाजा."

"मला कुठं दूध येतंय, अक्का?"

"म्हनूनच सांगून राहिले."

अप्पांनी तेवढंच लक्षात घेतलं. पिस्तूल कसं असावं, तर शेवरीला ऐकू न येणारं.

आवाज दोन जागी होतो, हे त्यांनी घरी बसूनच काढलं. एक पिस्तुलाचा, दुसरा छर्रा आपटतो त्याचा. दुसऱ्याचा बंदोबस्त त्यांनी आधी केला. पत्रा नाही, फळी नाही. तेलाच्या गिरणीतून करडईच्या तेलाचा तळाचा गाळ आणला, त्यात चाळलेली काळी माती मळली आणि ती लाकडी खोक्यात चांगली वीतभर थापली. पाण्यात मळलेली माती वाळून तडकते, आणि पाणी तरी कुठं होतं? तेलातली माती महिनोन्महिने लोण्यासारखी मऊ राहते. खोकं त्यांनी गोठ्याच्या उलट बाजूच्या दगडी भिंतीला लावलं. त्यावर कागद टाचायचा. छर्रा कागदातून मातीत शिरला की आवाजच नाही. मी खडा मारून बघितला. नुसतं पच् झालं.

मग आम्ही दोघं नांदेडला गेलो. गुरुद्वाराच्या रस्त्याला एका म्हाताऱ्या सरदारजींचं दुकान होतं. तलवारी, कट्यारी आणि मागं काचेच्या कपाटात छर्ऱ्याची हत्यारं.

"लायसन लागत नाही जी याला," सरदारजी म्हणाले. "कशाला पाहिजे? माकडं?"

"नेम धरायला. आवाज नसलेलं दाखवा."

"अप्पाजी, लोक येतात, म्हणतात आवाजाचं द्या, गाव दणाणलं पाहिजे. तुम्हीच पहिले."

"घरामागं गाय हाय," अप्पा म्हणाले.

सरदारजींनी तीन पिस्तुलं काढली. अप्पांनी एकेक हातावर घेतलं. "बाराशे. हजाराला वीस कमी. साडेनऊशे." सरदारजींनी खरोखर तराजू आणला. तिन्ही बरोबर भरली. त्यांनी पगडी जरा मागं सारली आणि आतून चहा मागवला.

मग अप्पा म्हणाले, "आता तुमी मारा. मी ऐकतो."

दुकानामागं लहान चौक होता. अप्पा चौकात भिंतीकडं तोंड करून, डोळे मिटून उभे राहिले. सरदारजी आत गल्ल्यापाशी पिस्तूल तयार करायचे, चौकात येऊन पोत्यावर मारायचे आणि पुन्हा आत जायचे. पहिलं स्प्रिंगचं. नळी मोडून दाबायची, स्प्रिंग अडकते. चाप ओढला तेव्हा कुलूप आपटल्यासारखा ठण्ण आवाज आला. दुसरंही स्प्रिंगचं, जरा हलकं. तिसऱ्याला स्प्रिंग नव्हती. एक दांडा पुरता उघडून मिटायचा, एकदाच, म्हणजे हवा आत कोंडते. चाप ओढल्यावर नुसतं टप् झालं. पिकलं फळ पडावं तसं.

"पुन्हा," अप्पा म्हणाले.

टप्.

"हेच."

मीही मान हलवली. दोन माणसांनी कान देऊन ऐकलं होतं. तरी आमची चूक झाली, आणि ती घरी गेल्यावर कळली.

पहिल्या दिवशी विठाबाई मुद्दाम धारेला बसली. वासरू सोडलं, शेवरीनं पान्हा घातला, चरवीत धार वाजायला लागली. "हं, मारा अप्पा, व्हऊ द्या परीक्षा!" अप्पांनी परसात उभं राहून दांडा उघडला. आत हवा ओढली गेली आणि आवाज आला: स्स्स्स्.

फार मोठा नव्हता. पण सापाचा होता.

शेवरीनं चारी पाय एकदम उचलले. चरवी उपडी झाली. दावं तुटता तुटता राहिलं. विठाबाई शेणात बसली होती आणि तिथूनच ओरडत होती, "हेच का तुमचं मुकं पिस्तूल? नांदेडहून नागोबा आनला व्हय!"

सरदारजी दांडा आत गल्ल्यापाशी उघडत होते. आम्ही चौकात फक्त टप् ऐकलं होतं.

त्या संध्याकाळी शेवरीनं दूध दिलं नाही. दुसऱ्या सकाळी अर्धा शेर दिलं. चतुरानं साखरेचं पाणी कापसाच्या बोळ्यानं पोराच्या तोंडात पिळलं. भिंतीपलीकडून रडणं ऐकू येत होतं. अप्पा ऐकत बसले होते. मी म्हणालो, "अप्पा, परत करून टाकू. मी जातो नांदेडला."

अप्पांनी पिस्तूल मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "काटा थांबू दे." उठले, आणि पिस्तूल घेऊन आतल्या खोलीत गेले. दार लावलं. मी बाहेर कान दिला. काही ऐकू आलं नाही. दार उघडून ते आले. "ऐकलंस?"

"न्हाई."

"गोधडीत उघडला."

तेव्हापासून त्यांची रीत ठरली. आतल्या खोलीत जायचं, दार लावायचं, गोधडीच्या घडीत दांडा उघडून मिटायचा. मग नळी जमिनीकडं धरून एकवीस पावलं चालत परसात यायचं. तिथं आल्यावरच छर्रा घालायचा. हात लांब करायचा, थांबायचं, टप्. पुन्हा आत. एका छर्ऱ्याला तीन-चार मिनिटं लागायची. सकाळी दहा, संध्याकाळी दहा. पहिल्याला ते 'लाभ' म्हणायचे.

आठवड्यात शेवरी दुधावर आली. विठाबाईनं भांडण मिटवलं, पण टोमणे सोडले नाहीत. "आज किती कागद मेले, अप्पा?" असं रोज विचारायची.

अप्पा सुधारले असं मी म्हणणार नाही. भाकरी अजूनही विसरायचे. पूजेत अजूनही हातावर काही लागत नव्हतं, हे मी विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवून सांगितलं. फक्त पिस्तूल धरलेल्या हाताला वजन कळायचं. दिवसातून वीस वेळा, प्रत्येक वेळी श्वासभर. बाकीचा दिवस ते त्या वीस वेळांच्या मधून चालत जायचे. कागदावरची भोकं मात्र जवळ येत गेली. आषाढात दहाच्या दहा भोकं एका रुपयाखाली मावायला लागली. पाऊस त्याही वर्षी आला नव्हता.

हायस्कूलच्या कवायतीच्या सरांनी तो कागद पाहिला. पंधरा ऑगस्टला लातूरला नेमबाजीची स्पर्धा होती, नव्या जिल्ह्याच्या तिसऱ्या वाढदिवसाची. प्रत्येक तालुक्यानं तीन-चार माणसं द्यायची. सरांनी अप्पांचं नाव लिहून टाकलं आणि मग विचारायला आले. अप्पा म्हणाले, "बरं." दोन मुक्काम होते. जायच्या चार दिवस आधी त्यांना थंडी-ताप आला आणि ते दोन दिवस उठलेच नाहीत.

आणि त्या दोन दिवसांत शेवरीनं दूध दिलं नाही.

आधी कुणाला समजेना. गाय आजारी नव्हती, वैरण होती, कुठं खुट्ट वाजलं नव्हतं. तिसऱ्या सकाळी अप्पा कसेबसे उठले आणि परसात आले. टप्. शेवरीनं कान वळवला. कास ताठली आणि वासराच्या तोंडातून फेस गळायला लागला.

विठाबाई चरवी घेऊन धावली. धार काढता काढता तिला कळलं आणि ती हसायला लागली, पण ते हसणं पुरं होईना. चार महिने रोज धारेच्या वेळी तो टप् झाला होता. गाईच्या डोक्यात तो धारेचाच भाग होऊन बसला होता. आता त्याच्याशिवाय ती दूध सोडणार नव्हती.

"अप्पा," विठाबाई भिंतीला धरून म्हणाली, "तुमी लातूरला गेलाव तर?"

आम्ही सगळं करून पाहिलं. विठाबाईनं टाळी वाजवली. मी पायताण आपटलं. लाटणं पाटावर मारलं. शेवरी आमच्याकडं असं बघायची की आम्हालाच लाज वाटावी. छर्रा न घालता नुसती हवा सोडली, तो आवाज कोरडा आला, तिला पटला नाही. छर्रा, तेलातली माती, टप्. तेवढंच तिला चालत होतं.

"जात न्हाई मी," अप्पा म्हणाले.

तोवर चतुरा गोठ्याच्या दारात उभी होती. त्या पाच महिन्यांत मी तिचा आवाज फारसा ऐकला नव्हता. ती म्हणाली, "मला दावा. मी मारते."

विठाबाई म्हणाली, "अगं, तुला धड तांब्या उचलंना!"

"मला दावा, अप्पा."

अप्पांनी तिच्याकडं बघितलं. ती भिंतीला वळसा घालून आली, तशी त्यांनी सरून दारात जागा केली आणि तिला आतल्या खोलीत नेलं. दार उघडंच ठेवलं, लोकलाजेसाठी. दांडा जड जात होता. तिनं गोधडीसकट गुडघ्यांत धरून, दोन्ही हातांनी तो मिटवला. एकवीस पावलं, नळी खाली. छर्रा अंगठ्यानं बसवायचा. अप्पा एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होते, "ओढू नको, दाब." तिचा पहिला छर्रा खोक्याच्या कडेला लागून लाकडावर वाजला आणि शेवरीनं मान वर केली. दुसरा मातीत गेला. टप्. पलीकडं धार सुरू झाली आणि चतुरा पिस्तूल धरून ती ऐकत तशीच उभी राहिली. तोंडावर काही नव्हतं. पण तिनं हलायचं नाव घेतलं नाही, विठाबाई चरवी भरून उठेपर्यंत.

म्हणजे पिस्तूल इथं राहणार हे ठरलं. मी म्हणालो, "मग तुमी तिथं कशानं मारनार?" सरांनी चौकशी केली. ज्याच्याकडं स्वतःचं नाही त्याच्यासाठी तिथं एक ठेवलं होतं, स्प्रिंगचं, जुनं. "ठण्ण करतं ते," मी म्हणालो. अप्पा म्हणाले, "करू दे. तिथं गाय न्हाई."

लातूरला त्यांचा सतरा जणांत चौदावा नंबर आला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी वाट बघत बसणार नाही. त्या पिस्तुलाचं वजन मात्र त्यांनी मला आल्यावर सांगितलं.

तेरा तारखेला सकाळी ते निघाले. छर्ऱ्यांचा डबा आणि गोधडी त्यांनी खोलीत जागच्या जागी ठेवली. कागद चार दिवसांचे टाचून ठेवले. दाराची किल्ली चतुराच्या हातात दिली. खांद्याला कापडी पिशवी, तीत एक धोतर, टॉवेल आणि विठाबाईनं बांधून दिलेल्या दोन भाकरी. मी म्हणालो, "स्टँडपर्यंत येतो." ते म्हणाले, "नको. तू कामाला जा."

गल्ली तेव्हा धुळीची होती. दोन वर्षांची धूळ, घोट्याएवढी. ते त्यातून हळूहळू गेले, पावलं मोजत असल्यासारखे. हातपंपापाशी बायकांच्या घागरींची रांग होती. ती त्यांनी वळसा घालून ओलांडली. एका बाईनं काहीतरी विचारलं, बहुतेक कुठं निघालात म्हणून. त्यांनी हात वर केला आणि चालत राहिले.

चतुरा त्यांच्या वट्ट्यावर उभी होती. पोर तिच्या खांद्यावर झोपलं होतं. ती डोळ्यांवर हात धरून बघत होती, ऊन समोरून होतं म्हणून. मारुतीच्या देवळापाशी ते वळले. तिनं हात खाली घेतला नाही.

"चतुरे," गोठ्यातून विठाबाईनं हाक मारली, "वासरू सोडलंय गं!"

"आले," ती म्हणाली, आणि आणखी थोडा वेळ तिकडंच बघत राहिली.